ताम्रपट वाचला, फ्लॉपीचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९३९ साली वाशीममध्ये तांब्याचे काही पत्रे उजेडात आले. वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा यानं आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेल्या दानाचा तो लेख. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. दान दिलं ते वत्सगुल्माहून, म्हणजे आपल्या वाशीमहूनच. अभ्यासकांनी ते पत्रे स्वच्छ केले, उजेडात धरले आणि वाचले. मजकूर काही संस्कृतात, काही प्राकृतात. त्या वाचनातून वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला ठाऊक झाली. पुढे डॉ. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला शिलालेख पुन्हा तपासला आणि त्यातल्या राजांची वंशावळ नव्यानं लावून दाखवली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका दानपत्रानं एका राजघराण्याला त्याचं नाव परत मिळवून दिलं.

मी इतिहासाचा मास्तर. ही गोष्ट मी वर्गात अनेक वर्षं सांगत आलो. सांगताना एक प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. ताम्रपट वाचायला काय काय लागलं? उजेड लागला, डोळे लागले आणि ती पेटिकाशीर्षक लिपी जाणणारा माणूस लागला. यंत्र लागलं नाही. हा प्रश्न मला पडला तो एका बुटांच्या खोक्यामुळे.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर माझे एक स्नेही होते. प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. पोहरादेवीच्या यात्रेला दरवर्षी जायचे आणि तिथं जमलेल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसून बंजारा गाणी उतरवून घ्यायचे. होळीच्या लेंगी, लग्नात नवरी मुलगी गळ्यात पडून गाते ते ढावलो, लहान मुलांच्या म्हणी. गोरबोलीला तेव्हा ना पाठ्यपुस्तक होतं ना छापलेला शब्दकोश हाताशी. जे होतं ते बायांच्या कंठात आणि गुरुजींच्या वह्यांत. १९९३ ते १९९६ या काळात गुरुजींनी त्या वह्या वाशीमच्या एका डीटीपी केंद्रातून टंकून घेतल्या. पगारातून पैसे साठवायचे, पंधरा-वीस पानं टंकून घ्यायची, फ्लॉपी खिशात घालून एसटीनं परत यायचं. पुस्तक काही निघालं नाही. गुरुजी गेले. वह्या वाळवीनं खाल्ल्या.

काही वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा ते खोकं घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, ‘‘सर, बाबांचं एवढंच उरलं. तुम्हीच पाहा याच्यात काय हाय ते.’’ खोक्यात अकरा फ्लॉप्या होत्या. चार जुन्या, मोठ्या, सव्वापाच इंची, हातात वाकणाऱ्या. सात लहान, साडेतीन इंची, कडक कवचाच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात: ‘लेंगी १’, ‘ढावलो २’, आणि खाली ‘जि. अकोला’. कारण वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. गुरुजींच्या फ्लॉप्या त्याच्या आधीच्या.

याच ठिकाणी एक योगायोग सांगतो. वाशीम जिल्हा जुलै १९९८ मध्ये झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयमॅक हा संगणक बाजारात आला. त्याला फ्लॉपीची फटच नव्हती. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. पण आपल्या जिल्ह्याचं बारसं झालं त्याच पावसाळ्यात फ्लॉपीच्या परतीचा प्रवास सुरू झाला होता, असं आज म्हणता येतं.

तरुण श्रोत्यांसाठी फ्लॉपी म्हणजे काय ते सांगायला हवं. संगणकात ‘सेव्ह’ करायचं जे चौकोनी चित्र असतं, ती फ्लॉपी. आत प्लॅस्टिकची पातळ, गोल चकती. तिच्यावर लोहाच्या गंजासारख्या चुंबकीय भुकटीचा लेप, आपल्या कॅसेटच्या फितीवर असतो तसाच. चकती फिरते, तिला ड्राइव्हचं हेड टेकतं आणि लेपातले चुंबकीय बदल वाचत जातं. आयबीएमनं १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली. १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची आली आणि १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची. भारतात १९८८ पासून मोझर बेअर कंपनी फ्लॉप्या बनवू लागली. शेवटच्या काळातल्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावायचा. तुमच्या मोबाइलनं काढलेला एक चांगला फोटो तिच्यात मावणार नाही. पण नुसती अक्षरं असतील, तर अख्खं पुस्तक मावायचं.

आपल्याकडे किती काय मावलं तिच्यात! १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारनं जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यांत महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा, म्हणजे आपल्या विदर्भातलाच. त्या दशकात गावोगाव डीटीपी केंद्रं निघाली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, कुळांचे वंशवृक्ष, सगळं फ्लॉपीवर. मजकूर एसटीच्या पिशवीतून अमरावतीला किंवा नागपूरला छापखान्यात जायचा आणि फ्लॉपी परत यायची. पुस्तक छापलं गेलं तर ते उरलं. जे छापलं गेलं नाही, ते फ्लॉपीतच राहिलं.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच मी हे भाषण द्यायला होकार दिला.

खोकं आल्यावर मी बाजारातून एक बाहेरून जोडायचा, यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. स्वस्त, वजनाला हलका. मला वाटलं, फ्लॉपी म्हणजे फ्लॉपी आणि ड्राइव्ह म्हणजे ड्राइव्ह. ‘ढावलो १’ची पत्र्याची झडप सरकवून पाहिली, तर चकतीवर पांढरट ठिपके दिसले. मी ते फुंकरीनं उडवायचा प्रयत्न केला आणि फ्लॉपी आत सारली. कर्रर्र असा आवाज आला. संगणकानं सांगितलं, डिस्क वाचता येत नाही. मी ती काढली आणि घाईघाईनं ‘ढावलो २’ घातली. तोच आवाज, तोच निरोप. दोन्ही बाहेर काढून पाहिल्या, तर चकतीवर गोल, चकचकीत ओरखडे उठले होते. ठिपके बुरशीचे होते. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे आणि कपाटातली दमट हवा, दुसरं काय होणार? बुरशी हेडला चिकटली, लेप खरवडून निघाला, तो हेडवर बसला आणि त्या मळक्या हेडनं दुसऱ्या फ्लॉपीचाही लेप खरवडला. पाच मिनिटांत दोन फ्लॉप्यांची मी माती केली. वाळवीला निदान काही वर्षं लागली होती.

त्यानंतर मी तीन महिने कुठल्याही फ्लॉपीला हात लावला नाही. फक्त शिकलो. वाशीममधला संगणक दुरुस्त करणारा एक तरुण सोबतीला आला. त्याच्या जन्माआधीच्या या वस्तू, पण त्याला त्यांचं भलतंच कौतुक. आम्ही दोघांनी मिळून जे शिकलो ते असं.

पहिली गोष्ट, ड्राइव्ह आकारावरून ठरतो. सव्वापाच इंची फ्लॉपी यूएसबीच्या ड्राइव्हमध्ये जातच नाही. तिला जुन्या संगणकाच्या पोटातलाच ड्राइव्ह हवा. या मोठ्या फ्लॉप्यांतही दोन जाती. एक ३६० किलोबाइटची, तिच्यावर एका बाजूला चाळीस ट्रॅक, म्हणजे चाळीस वर्तुळाकार वाटा. दुसरी १.२ मेगाबाइटची, १९८४ नंतरची, तिच्यावर ऐंशी ट्रॅक. नांगराच्या तासांसारखं समजा. त्याच वावरात एकानं चाळीस रुंद तासं घातली, दुसऱ्यानं ऐंशी अरुंद. ऐंशी ट्रॅकच्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. ते एक तास सोडून एक असं चालून चाळीस ट्रॅकची फ्लॉपीही वाचतं. उलट होत नाही. रुंद हेडला अरुंद तासं वेगवेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून एकच ड्राइव्ह घ्यायचा असेल, तर १.२ मेगाबाइटचा घ्यावा. फक्त वाचायचं, लिहायचं नाही, तर तोच सोयीचा. टीॲक कंपनीचा एफडी-५५जीएफआर हा ड्राइव्ह या कामात जगभर वापरला जातो. आम्हाला एका बंद पडलेल्या संगणकात टीॲकचाच ड्राइव्ह मिळाला. संगणक भंगारात निघाला होता. किंमत द्यावी लागली ती किलोच्या भावानं.

दुसरी गोष्ट, साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह अगदीच टाकाऊ नाही. फ्लॉपी स्वच्छ असेल, नेहमीच्या संगणकावर नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेली असेल, तर तो काम करतो. पण तो हट्टी कारकुनासारखा असतो. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज असेल तर घेईल, नाहीतर परत. त्यानं काय वाचलं, कुठे अडखळला, हे तो सांगत नाही. जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्या तर त्याला कळतच नाहीत, आणि आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांत डीटीपीला मॅकिंटॉशच असायचे. म्हणून आजारी किंवा अनोळखी फ्लॉपीसाठी पट्टीच्या केबलनं जोडायचा जुना, आतला ड्राइव्हच घ्यावा.

तिसरी गोष्ट, हा जुना ड्राइव्ह आजच्या संगणकाला कसा जोडायचा? आजच्या मदरबोर्डवर त्याची जागाच नसते. त्यासाठी ग्रीसविझल नावाचा एक लहानसा बोर्ड मिळतो. केअर फ्रेझर यांच्या या उपकरणाची संगणकीय प्रणाली मोफत आहे. क्रायोफ्लक्स हे त्याच जातीचं आणखी एक उपकरण. ही उपकरणं फ्लॉपीवरची फाईल मागत नाहीत. चकतीवरचे चुंबकीय बदल कोणत्या क्षणी झाले, तेवढंच टिपून घेतात. त्याला फ्लक्स म्हणतात. ताम्रपटाचा अर्थ लावण्याआधी त्याचा ठसा घेतात ना, तसंच हे. अक्षर आज लागलं नाही तरी ठसा हातात राहतो. उद्या दुसरा कोणी, अधिक जाणता, तो पुन्हा वाचू शकतो. आणि फ्लॉपीला पुन्हा पुन्हा हेडखाली घालावं लागत नाही. सव्वापाच इंची ड्राइव्हला मात्र बारा व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो. यूएसबीवर तो चालत नाही.

चौथी गोष्ट, ड्राइव्ह एक नको, दोन हवेत. प्रत्येक ड्राइव्हचं हेड ट्रॅकवर अगदी त्याच जागी बसत नाही, केसभर इकडे-तिकडे असतं. ज्या ड्राइव्हनं फ्लॉपी लिहिली तो वाकड्या हेडचा असेल, तर दुसरा अगदी नीट असलेला ड्राइव्हही तिथं अडखळतो. आमच्या ‘लेंगी ३’चं असंच झालं. एका ड्राइव्हनं नकार दिला, दुसऱ्यानं पहिल्याच फेरीत वाचली.

पाचवी गोष्ट, आणि हीच मी आधी करायला हवी होती. महत्त्वाची फ्लॉपी कधीही पहिली घालू नये. ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, धागे न सुटणाऱ्या बोळ्यानं पुसायचं. सुकू द्यायचं. मग एखादी बिनकामाची फ्लॉपी घालून पाहायची. ती बाहेर काढून चकती उजेडात धरायची. नवा ओरखडा नसेल तरच पुढे जायचं. आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुन्हा तपासायचं. बुरशी दिसली तर ती फ्लॉपी बाजूला, वेगळ्या पिशवीत. ती आधी साफ करावी लागते, आणि ते काम सराव असलेल्याचंच.

सहावी गोष्ट, लिहिण्याचं दार बंद करायचं. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती खिडकी असते. ती उघडी ठेवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीला कडेला एक खाच असते, तिच्यावर चिकटपट्टी लावली की झालं. म्हणजे एकीत उघडं ठेवायचं, दुसरीत झाकायचं. हे करायचं कारण असं की, विंडोजच्या काही आवृत्त्या फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्यावर आपली खूण लिहायच्या. आपण फक्त बघतोय असं वाटायचं, आणि संगणक मात्र लिहीत असायचा.

एवढं सगळं करून आम्ही उरलेल्या नऊ फ्लॉप्यांना हात घातला. सात पूर्ण उतरल्या. दोन अर्धवट. मुलगा शेजारी बसला होता. पडद्यावर यादीत ‘लेंगी’ नावाची फाईल दिसल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, बाकी काही बोलला नाही.

फाईल उघडली आणि पडद्यावर आली इंग्रजी अक्षरं, टिंबं, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम. गाण्याचं एक अक्षर नाही.

ही दुसरी पायरी. फ्लॉपी वाचली तरी मराठी वाचली असं होत नाही. १९९० च्या दशकात देवनागरीला एकच ठरलेली संगणकीय संकेतपद्धती सगळीकडे वापरात नव्हती. ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान त्यावर चालायचं. पण डीटीपी केंद्रांत श्रीलिपी, आकृती अशा वेगवेगळ्या प्रणाली होत्या आणि प्रत्येकीची अक्षरांची मांडणी आपली आपली. एकीत ज्या क्रमांकावर ‘क’, दुसरीत त्या क्रमांकावर वेलांटी. फाँट गेला की मजकुराचा अर्थ गेला. पुढे युनिकोड रुळला तेव्हा हा घोळ संपला, पण आधीचं लिहिलेलं तसंच राहिलं.

इथं यंत्रानं नव्हे, माणसानं मदत केली. त्या काळी कंपोझिंगचं काम केलेल्या एका बाई वाशीममध्ये आहेत. संसारात पडून काम कधीच सुटलं होतं. त्यांना आम्ही एक पान छापून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटं टेबलावर नाचवली, जणू समोर कळफलक आहे, आणि म्हणाल्या, ‘‘हे उघडंच आहे की. ही ‘आ’ची काना, हा अर्धा ‘स’.’’ फाँट कोणता ते त्यांनी ओळखलं. फाँटचं नाव कळल्यावर अक्षरं युनिकोडमध्ये बदलणं सोपं झालं. ताम्रपटाला जसा लिपी जाणणारा लागला, तशा गुरुजींच्या फ्लॉपीला त्या बाई लागल्या. फरक एवढाच की, वाकाटकांची लिपी जाणणारे आजही विद्यापीठांत तयार होतात. १९९० च्या दशकातल्या फाँटची मांडणी ज्यांच्या बोटांत आहे, अशी माणसं नव्यानं तयार होणार नाहीत.

असं काम जगात ठिकठिकाणी होतं आहे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रं पिट्सबर्गच्या संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. २०१४ मध्ये तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबनं ती बाहेर काढली. जपान सरकारच्या नियमांत तर कागदपत्रं फ्लॉपीवर द्यायची अट २०२४ पर्यंत होती. आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे आणि जास्त मोठं. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय रचना केली. एक लाखाहून अधिक ओव्या! २०१७ पासून त्या ‘पारी’ या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहेत. त्या टिकल्या, कारण एका साधनावरून दुसऱ्या साधनावर त्या वेळोवेळी कोणीतरी नेल्या. गुरुजींच्या गाण्यांना तसं नेणारं कोणी नव्हतं.

नेणं हा शब्द महत्त्वाचा. तो मला कारंज्यात शिकायला मिळाला. आपल्या जिल्ह्यातलं कारंजा लाड जैन हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षं पोथ्या जपल्या गेल्या. डॉ. हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये कारंज्याहूनच प्रसिद्ध झालं. पुष्पदंत दहाव्या शतकातला कवी. त्याच्या हातची पोथी कुठे राहणार? कागद झिजतो, शाई उडते. पण दर काही पिढ्यांनी कोणीतरी जुनी पोथी समोर ठेवून नवी लिहून काढली. लिहिणाऱ्यानं शेवटी आपलं नाव, गाव, मिती घातली. पोथी जपणं म्हणजे ती कपाटात ठेवणं, असं त्या लोकांनी मानलं नाही. पोथी जपणं म्हणजे ती वेळेवर उतरवून काढणं.

फ्लॉपीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं केलं. कपाटात ठेवली आणि निश्चिंत झालो. सोनी कंपनीनं २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. नवे ड्राइव्ह होत नाहीत. जे आहेत ते जुने, आणि दरवर्षी भंगारात जाऊन कमी होत आहेत. पोथी उतरवायला शंभर वर्षांची सवड होती. इथं तेवढी नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असं खोकं असेल, त्यांना माझं सांगणं थोडक्यात आहे. फ्लॉप्या फेकू नका. उन्हात, दमट कपाटात, स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नका. घाईनं कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. चिठ्ठ्या काढू नका, आधी त्यांचे फोटो घ्या. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातला ड्राइव्ह काढून ठेवा, आणि ज्या केंद्रात मजकूर टंकला त्या माणसाला, तो हयात असेल तर, आजच भेटा. मजकूर उतरला की तीन प्रती करा. त्यातली एक घराबाहेर ठेवा आणि एक कागदावर छापा. कागद वाचायला फक्त उजेड लागतो.

गुरुजींच्या गाण्यांचं काय झालं, ते सांगून थांबतो. ‘ढावलो १’ची एक जुनी प्रत गुरुजींनी सव्वापाच इंची फ्लॉपीवर करून ठेवलेली निघाली. ते जुन्या वळणाचे, दोन ठिकाणी ठेवणारे. ती गाणी पूर्ण मिळाली. ‘ढावलो २’ मी खरवडली होती, तिची दुसरी प्रत नव्हती. तिचा फ्लक्स आम्ही दहा-बारा वेळा घेतला. चकतीच्या आतल्या बाजूचे काही ट्रॅक वाचता आले आणि दीड पान मजकूर हाती लागला. एक गाणं मधूनच सुरू होतं, दुसरं मधेच तुटतं.

ते दीड पान छापून मुलानं तांड्यावर नेलं आणि तिथल्या एका आजीला वाचून दाखवलं. तुटलेल्या ओळीपाशी तो थांबला. आजी पुढची ओळ म्हणाली, मग त्याच्या पुढची. तिसरी तिला आठवेना. ‘‘तुझ्या बाबानं लिहून नेलं होतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘मग मी कशाला ध्यानात ठेवू?’’